पाडव्याची सावित्रीबाई घरी घडवताना: चोळी, लुगडं आणि कातडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही कळव्याला राहता, वय ३४, नोकरी ठाण्यातच. घरी शिलाई मशीन आहे, त्यावर उशांचे अभ्रे, मुलीचे फ्रॉक आणि दोन-तीन कुर्ते शिवून झालेत. यंदा पाडव्याच्या स्वागतयात्रेत सोसायटीच्या बायकांचा चित्ररथ आहे आणि त्यात तुम्ही सावित्रीबाई होणार आहात. गेल्या वर्षी भाड्याचा पोशाख घातला तर मानेवर, काखेत आणि कमरेवर पुरळ उठलं, ते जायला तीन आठवडे लागले. म्हणून यंदा सगळं स्वतः शिवायचं ठरवलंय. चेहऱ्यावर मुरमं येतात, त्यामुळे मेकअपची भीती वाटते. शिवणाचं कसं करू आणि त्वचेचं कसं करू, असे दोन वेगळे प्रश्न तुम्ही विचारलेत.

मी ठाण्याच्या नौपाड्यात सत्तावीस वर्षं हौशी नाटकांचे आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांचे कपडे शिवते, रंगभूषाही करते. माझ्या लेखी हे दोन प्रश्न एकच आहेत. पोशाख शिवायला बसलं की आपण आधी चित्र डोळ्यांसमोर आणतो, मग त्या चित्रासारखं कापड शोधतो आणि अंगाचा विचार अगदी शेवटी, घालायच्या दिवशी करतो. मी उलट्या बाजूने जाते. हे अंग किती तास उन्हात असणार, कुठे घाम येणार, हात किती वेळा वर जाणार, कातडीला काय चालत नाही, हे आधी ठरवते. कापड त्यानंतर. तुमच्याकडे गेल्या वर्षीचं पुरळ आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

भाड्याच्या कपड्यांनी होणारा त्रास साधारण तीन प्रकारचा असतो आणि तिन्हींचे उपाय वेगळे. पहिलं घामोळं: झाकलेल्या भागावर बारीक टोचणारे दाणे, गार जागी बसलं आणि सुती कपडा घातला की चार-पाच दिवसांत ओसरतात. दुसरी ॲलर्जी: ही बहुतेक वेळा लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी उठते, आणि तिचा आकार बोलका असतो. हुकाच्या जागी गोल, इलॅस्टिकच्या जागी पट्टा, खोट्या हाराखाली माळेसारखं. याचं नेहमीचं कारण स्वस्त दागिन्यांतलं आणि हुकांतलं निकेल, नाहीतर कापडाचा सुटा रंग किंवा खळ. तिसरं गजकर्ण: गोल चट्टा, कडा लालसर आणि उठावदार, मधला भाग निवळलेला, आणि चट्टा दिवसेंदिवस मोठा होत जातो. हे बुरशीचं काम. न धुतलेल्या दुसऱ्याच्या कपड्यातून ते येतं आणि आपल्याकडच्या दमट हवेत चांगलंच फोफावतं.

तुमचं तीन आठवडे टिकलं आणि मान, काख, कंबर अशा तीन ठिकाणी होतं, म्हणजे ते नुसतं घामोळं नसावं. आजही खूण किंवा खाज असेल तर पाडव्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून घ्या. एक कळकळीने सांगते, मेडिकलच्या दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ म्हणून मिळते ती मनाने लावू नका. त्यातल्या पुष्कळ ट्यूबांत बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखं स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी असेल तर ती आतून पसरत राहते. हीच मलमं बायका गोरेपणासाठी चेहऱ्यालाही लावतात. काही महिन्यांत कातडी पातळ होते, उन्हात गेलं की लाल होते, मुरमं वाढतात, आणि मग मलम बंद केलं की चेहरा पेटतो. अशा चेहऱ्यावर रंगभूषा करायची वेळ माझ्यावर अनेकदा आली आहे. तेव्हा मी फक्त काजळ आणि कुंकू लावते, बाकी चेहऱ्याला हात लावत नाही.

आता कापड. सावित्रीबाईंनी पुण्यात भिडे वाड्यात शिकवायला सुरुवात केली ते साल १८४८. पहिला कृत्रिम रंग इंग्लंडमध्ये १८५६ साली सापडला, तो जांभळा. म्हणजे तुमच्या प्रसंगातल्या बाईच्या अंगावर नीळ, मंजिष्ठ, आल, डाळिंबाची साल असल्या झाडापाल्याच्या रंगांतलं लुगडं असणार. राणी गुलाबी, चमकता जांभळा, फ्लोरोसंट हिरवा हे तिथे दिसले की सगळा प्रसंग खोटा वाटतो, बघणाऱ्याला नेमकं कारण सांगता आलं नाही तरी. गडद निळं किंवा काळपट हिरवं सुती इरकल घ्या, लाल काठाचं, लाल पदराचं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. विकणारा ‘नऊवारी’ म्हणाला तरी तिथेच मोजून घ्या, कारण हल्ली आठ वारांची लुगडीही त्याच नावाने विकतात आणि काष्ट्याला कापड कमी पडतं. जांभळी नाक्याच्या बाजारात जुन्या पद्धतीची लुगडी ठेवणारी दुकानं अजून आहेत. तिथे मनासारखं मिळालं नाही तर दादरला एक फेरी मारा.

चोळीला खणच घ्या. खण मूळचा कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा आणि तो रंग-पोत इरकलीच्या शेजारी फार खुलतो. पण बाजारात आज जे खण म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं पॉलिएस्टर आहे. दुकानदाराला विचारण्यापेक्षा कडेचे चार धागे मागून आणा आणि घरी स्टीलच्या ताटलीत चिमट्याने धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचाच, आणि मागे हलकी राख राहते, बोटाने चिमटली की तिची भुकटी होते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि त्याचा कडक काळा मणी होतो. मिश्र कापडाचं थोडं राख, थोडं मणी असं होतं. मिश्र असलं तरी चालेल, कारण तुमच्या अंगाला खण लागणारच नाही. लागणार आहे ते अस्तर.

अस्तराच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. मलमल किंवा केंब्रिक, शंभर टक्के सुती, पांढरं किंवा फिक्या रंगाचं. सॅटिनचं, क्रेपचं, ‘घसरतं म्हणून सोपं’ असलं काही नको. दुकानातून आणलेलं अस्तर रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी चोळून धुवा, वाळवा, किंचित ओलं असतानाच इस्त्री करा. यात दोन कामं होतात. सुती कापड जेवढं आटायचं तेवढं बेतण्याआधीच आटतं, आणि कापडाला लावलेली खळ निघून जाते. ही खळ घामात विरघळून मानेला टोचते. खणाचीही परीक्षा घ्या. पांढरा रुमाल ओला करून पिळा आणि खणावर वीस वेळा घासा. रुमालाला रंग लागला तर तो घामातही लागणार. मग खण दोन-तीनदा गार पाण्यात खंगाळा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं आपल्या आया सांगायच्या. पण तयार कापडाचा रंग मिठाने पक्का होत नाही, सुटा रंग निघून जातो तो खंगाळण्यानेच. लुगड्याचीही हीच परीक्षा घ्या, लाल काठ हमखास रंग सोडतो.

चोळी एकदम खणावर बेतू नका. जुन्या सुती चादरीचा कच्चा नमुना करा. मापं घेताना त्या दिवशी आत जे घालणार आहात तेच घालून घ्या आणि टेप दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगा, स्वतःचं छातीचं माप स्वतः घेतलं की हात वर जातो आणि माप चुकतं. घट्ट ब्लाउज ही आजची आवड आहे, ती बाजूला ठेवा. छातीला दीड ते दोन इंच सैल धरा. बाजूच्या शिवणीत दीड इंच माया सोडा, म्हणजे पुढच्या वर्षी ही चोळी दुसऱ्या कुणालाही होईल. बाही कोपराच्या जरा वर.

खरी युक्ती काखेत आहे. तुम्ही हातात पुस्तक घेऊन, एक हात उंचावून चित्ररथावर उभ्या राहणार. साध्या ब्लाउजची बाही हात वर केला की सगळी चोळी वर ओढते, पोट उघडं पडतं आणि मुंढा काखेत करकचतो. घाम आणि घासणं एकत्र आलं की तिथे पुरळ उठणारच. म्हणून काखेत तीन इंचांचा चौकोनी तुकडा जोडा. तो चौकोन उभ्या-आडव्या धाग्यावर सरळ कापायचा, पण जोडल्यावर काखेत शंकरपाळ्यासारखा तिरका बसतो: एक टोक बाहीच्या शिवणीत, समोरचं टोक बाजूच्या शिवणीत. टोकापाशी टीप नेमकी त्या बिंदूवर थांबली पाहिजे. पाव इंच जरी पुढे गेली तरी चुणी पडते. मशीनची सुई कापडात रुतवून ठेवा, पाय उचला, कापड फिरवा, पाय खाली. पहिल्या वेळी जमणार नाही, चादरीवर तीन-चारदा करा. हा तुकडा फक्त अस्तराच्या मलमलीचा, दुहेरी केला तरी चालतो. तिथे खण नको. बाहेरून दिसत नाही आणि घाम शोषतो.

खण कडेने फार उसवतो. कापल्या कापल्या सगळे तुकडे शेजारच्या टेलरकडून इंटरलॉक करून आणा किंवा मशीनला झिगझॅग असेल तर तो मारा. मग खण आणि अस्तर असे जोडा की शिवणींच्या कडा दोन कापडांच्या मध्ये बंद होतील आणि अंगाच्या बाजूला फक्त गुळगुळीत मलमल राहील. गळ्याला मलमलीची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी, सव्वा इंच रुंद, बाहेरून मशीनची टीप आणि आतून हाताने तुरपाई. सिंगरने शिलाई मशीनचं पेटंट घेतलं १८५१ साली, म्हणजे या बाईची चोळी हातानेच शिवलेली असणार. आतल्या शिवणी खुशाल मशीनवर मारा, पण गळ्याच्या आणि बाहीच्या कडेवर मशीनची टीप दिसू देऊ नका. सुई चौदा नंबरची चालेल. खण जाड असेल आणि टाके सुटायला लागले तर सोळा लावा.

जुनी चोळी पुढे गाठ मारून घालत, तिला बटणं नसत. दिसायला तीच हवी. पण चार तास हलत्या गाडीवर गाठ सैल पडते. म्हणून आत तीन हुक लावा आणि वर नुसती दिसण्यापुरती गाठ. हुकांच्या मागे मलमलीची रुंद पट्टी ठेवा, धातू अंगाला लागता कामा नये. घरात पारदर्शक नेलपॉलिश असेल तर हुकांना, नथीच्या दाबाला आणि पोतीच्या कडीला दोन थर द्या. निकेलचा स्पर्श त्या दिवसापुरता टळतो. ही चोळी अंगावर चढली की घरात दहा मिनिटं फिरा, मांडी घालून बसा, हात डोक्यावर धरून शंभर आकडे मोजा. जिथे टोचेल तिथे त्याच दिवशी उसवा. ‘एका दिवसाचा तर प्रश्न’ म्हणून सोडलेली टोचणी सकाळी दहा वाजता असह्य होते.

लुगडं शिवून घ्यायचं का, असंही विचारलंत. मोटरसायकलवर बसणाऱ्या मुलींना मी शिवलेली नऊवारी देते, त्यांची सोय त्यातच आहे. सावित्रीबाईंसाठी देणार नाही. शिवलेल्या काष्ट्याला पायजम्याचा आकार येतो आणि निऱ्यांचा जिवंत घोळ जातो. तुम्ही नेसायला शिका. आत सुती हाफ पँट घाला, सायकलिंगची घट्ट सिंथेटिक चड्डी नको. मांड्यांच्या आत थोडं पेट्रोलियम जेली लावा, चालताना घासत नाही. कमरेला गाठ बेंबीवर घट्ट मारा, सगळं लुगडं त्या एका गाठीवर उभं असतं. पदराची बाजू आधी मोजून खांद्यावर टाकून बघा, मग उरलेल्याच्या निऱ्या, आणि निऱ्यांच्या खालच्या कडेचा मध्य उचलून दोन्ही पायांतून मागे. काष्टा कमरेला खोचलात की वर एकच मोठी पिन. एकच, कारण लघवीला जाताना तो सोडावा लागतो आणि चित्ररथाच्या गर्दीत मागच्या पाच पिना शोधत बसायला जागा नसते. याबद्दल कुणी बोलत नाही आणि मग बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मार्च-एप्रिलच्या उन्हात ते फार वाईट. सोडून परत नेसायचा सराव घरी करा. पहिल्यांदा पाऊण तास लागेल, सहाव्यांदा पंधरा मिनिटांवर याल.

सावित्रीबाई शाळेत जाताना लोक अंगावर चिखल-शेण टाकत आणि त्या दुसरं लुगडं सोबत नेत, ही हकिकत आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. माझं मत विचाराल तर चित्ररथावर ती दाखवाच. काखेत कापडी पिशवी, त्यात घडी केलेलं पांढरट लुगडं, आणि अंगावरच्या लुगड्याला चिखलाचे डाग. त्यासाठी मुलतानी माती पुरते. दह्याएवढी घट्ट कालवा, जुन्या ब्रशने पदराच्या खालच्या भागावर आणि पायाशी शिंपडा, एक-दोन ठिकाणी हाताने पुसल्यासारखं ओढा. गडद निळ्यावर ती वाळली की सुकलेल्या चिखलासारखी दिसते आणि एका धुण्यात जाते. आदल्या रात्री करून ठेवा, म्हणजे सकाळी ओलं अंगाला लागणार नाही. डाग चेहऱ्यावर मात्र काढू नका.

आता चेहरा. मुरमांच्या त्वचेला रोज तीनच गोष्टी लागतात: सकाळ-रात्र सौम्य फेसवॉश, हलकं मॉइश्चरायझर, आणि दिवसा सनस्क्रीन. तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर नको हा गैरसमज आहे, कोरडी पडलेली त्वचा आणखी चिडते. लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट यातलं काही लावू नका. बेसन-हळदीचं उटणं सोसत असेल तर चालेल, पण खरखरीत घासून नको, पिकलेल्या मुरमावर तर नकोच. पाडव्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत कुठलंही नवं उत्पादन सुरू करू नका. फेशियल, ब्लीच, वॅक्सिंग, थ्रेडिंग जे करायचं ते किमान चार दिवस आधी उरका. बायका आदल्या संध्याकाळी पार्लरमध्ये जातात आणि सोललेल्या, लाल कातडीवर सकाळी सहाला फाउंडेशन थापतात.

यावरून एक प्रसंग सांगते, कारण तुम्ही लिहिलंय की तुमच्या गटातल्या दोघी मावळे होणार आहेत आणि त्यांना मिशा लावायच्यात. एका एकांकिका स्पर्धेत एक मुलगी हवालदार झाली होती. मी स्पिरिट गमने मिशी चिकटवली. स्पिरिट गम म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेली राळ. लावताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ती म्हणाली, ‘काकू, चुरचुरतंय.’ मला वाटलं नेहमीची चुरचुर आहे, घंटा व्हायला दहा मिनिटं होती. प्रयोग संपल्यावर मिशी काढली तर तिच्या वरच्या ओठावरची कातडी एका पट्टीत मिशीबरोबर आली. आदल्या संध्याकाळी तिने अपरलिप केलं होतं. मी विचारलं नव्हतं, आणि चूक माझीच होती. तिच्या ओठावर काळा डाग राहिला, तो जायला चार-पाच महिने लागले. तेव्हापासून मी कुणाच्याही चेहऱ्याला हात लावण्याआधी विचारते: आठवड्याभरात काय काय केलंय? तुमच्या मावळ्यांना अपरलिप आठवडाभर करू देऊ नका. गम आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा लावून दोन दिवस बघा. मिशी कधीही ओढून काढायची नाही, कडेने खोबरेल तेल किंवा रिमूव्हर मुरवत, पाच मिनिटं थांबून, सोडवत न्यायची. चित्ररथ लांबून दिसतो, तेव्हा दोघींनी पेन्सिलने काढलेल्या मिशीवर भागवलं तरी काही बिघडत नाही.

दोन दिवसांची ही परीक्षा तुमच्या प्रत्येक वस्तूची करा: फाउंडेशन, काजळ, कुंकू, सगळ्याची. कुंकवाबद्दल जरा जास्त सांगते. खरं कुंकू हळदीपासून करतात, हळदीवर चुन्यासारख्या अल्कलीची प्रक्रिया झाली की ती लाल होते. बाजारातल्या स्वस्त पुड्यांत बहुधा कृत्रिम रंग असतो. टिकलीच्या गोंदात कधी कधी पॅरा टर्शरी ब्यूटाइल फिनॉल नावाचं रसायन असतं, त्याने रोज टिकली लावणाऱ्या बायकांच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. असा डाग दिसला की टिकली त्याच दिवशी बंद. तुम्ही जुन्या पद्धतीने लावा: बोटाने मेणाचा गोल ठिपका आणि त्यावर पिंजर दाबून बसवायची. माझी आजी असंच लावायची. मेणावर बसलेलं कुंकू घामाने ओघळत नाही, नाकावर लाल सडा पडत नाही.

फाउंडेशन घेताना जबड्याच्या कडेला लावा आणि दुकानाच्या बाहेर रस्त्यावर येऊन आरशात बघा, दुकानातल्या दिव्याखाली रंग फसवतो. कातडीत विरघळून दिसेनासा होतो तो तुमचा रंग. एक छटा उजळ घ्या असं विकणारी मुलगी सांगेल, घेऊ नका. थोर बाई दाखवायची म्हणजे चेहरा गोरा करायचा ही सवय मला फार खुपते, रंगमंचावरही आणि चित्ररथावरही. शिवाय गडकरी रंगायतनच्या दिव्यांत चेहरा सपाट होतो म्हणून तिथे गडद रंगवावं लागतं. तुम्ही सकाळी गोखले रोडच्या उघड्या उन्हात असणार, तिथे तोच मेकअप मुखवट्यासारखा दिसतो. पातळ थर, मुरमांच्या डागांवर तेवढा बोटाने दुसरा, त्यावर पफने दाबून पावडर. घासायची नाही, दाबायची.

पाडव्याला सकाळी क्रम असा ठेवा. चोळी आधी घाला, गळ्याभोवती टॉवेल घ्या. चेहरा धुऊन मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन दोन बोटांवर पूर्ण लांबीची रेघ काढून चेहरा, मान आणि कानांना. एसपीएफ ३० योग्य प्रमाणात लावलं तर यूव्हीबी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडतात, पन्नासचं सुमारे ९८, म्हणजे आकड्यापेक्षा लावण्याचं प्रमाण मोठं. पंधरा मिनिटं थांबा, त्या वेळात केस. केस आदल्या दिवशी धुतलेले आणि रात्री हलकं तेल लावलेले हवेत. त्याच सकाळी धुतलेल्या केसांवर आकडे टिकत नाहीत, अंबाडा घसरतो. केस कमी असतील तर गंगावन लावा, पण जड नको, दुपारपर्यंत मान आणि डोकं दोन्ही ठणकतं. मग चेहरा, काजळ, कुंकू, आणि सगळ्यात शेवटी लुगडं. गळ्याला फाउंडेशन लावूच नका, खणाच्या कडेला ते लागतं आणि निघत नाही. दर दोन तासांनी टिशूने घाम टिपा, पुसू नका, आणि स्पंजवर सनस्क्रीन घेऊन वरून थोपटा. कौपिनेश्वराच्या देवळापासून पालखी निघून तुमचा रथ पुढे सरकेपर्यंतच तास-दीड तास जातो, त्या वेळात सावलीत उभ्या राहा.

पायांत कोल्हापुरी चप्पल चालते, पण नवी नको. निदान आठवडाभर घरात वापरलेली असू द्या.

घरी आल्यावर चेहरा आधी, जेवण नंतर. मुरमांच्या त्वचेवर मेकअप काढायला खोबरेल तेल वापरू नका, त्याने रंध्रं बुजतात. मिसेलर वॉटर कापसावर घेऊन टिपा, मग फेसवॉश, मग साधं मॉइश्चरायझर. त्या रात्री आणखी काही नाही. चोळी लगेच गार पाण्यात टाका, घाम वाळला की खणाचा रंग तिथे फिका पडतो. सावलीत उलटी वाळवा. लुगड्यावरची माती आधी झटका, मग ते धुवा. ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत नको, जुन्या धुतलेल्या धोतराच्या कापडात गुंडाळा आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे पाडा, एकाच घडीवर काठ तुटतो. पावसाळ्यात आपल्याकडे कपाटातसुद्धा बुरशी येते, तेव्हा श्रावणात एखाद्या उघडिपीच्या दिवशी सगळं बाहेर काढून वाऱ्यावर टाका.

तुम्हाला वेळ किती लागेल याचा अंदाज देते. कच्चा नमुना एका रविवारी, खण-अस्तर बेतणं आणि जोडणं पुढच्या रविवारी, तुरपाई आणि हुक रोज रात्री अर्धा तास असे चार-पाच दिवस. नेसायचा सराव अधूनमधून. त्वचेची परीक्षा या सगळ्याच्या आधी सुरू झाली पाहिजे, कारण एखादी वस्तू सोसली नाही तर दुसरी आणून परत दोन दिवस बघायला वेळ हवा. म्हणून या शनिवारी बाजारात जाल तेव्हा खणाबरोबर कुंकू, मेण आणि फाउंडेशनही घेऊन या. आल्यावर कोपराच्या आत तिन्हींचा एकेक ठिपका लावा, आणि झोपण्याआधी अस्तराची मलमल बादलीत भिजत टाका.